बहुपदीचा भागाकार तीन ओळींत: संश्लेषक पद्धत काय आहे आणि ती नेमकी का चालते?

गणिताच्या रील्समध्ये एक ‘ट्रिक’ वारंवार दिसते. फळ्यावर चार आकडे एका ओळीत लिहिलेले असतात आणि डावीकडे उभ्या रेघेच्या पलीकडे आणखी एक आकडा असतो. पहिला आकडा तसाच खाली उतरतो. मग गुणाकार, बेरीज, परत गुणाकार, परत बेरीज. अर्ध्या मिनिटात बहुपदीचा भागाकार तयार! हाच भागाकार नेहमीच्या लांब पद्धतीने केला, तर वहीचं अर्धं पान जातं.

या पद्धतीचं नाव आहे संश्लेषक भागाकार पद्धती. इंग्रजी माध्यमातले विद्यार्थी तिला ‘सिंथेटिक डिव्हिजन’ म्हणून ओळखतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात, ‘बहुपदी’ या प्रकरणात ही पद्धत शिकवली जात आली आहे.

अडचण अशी की बहुतेकांना ती फक्त कृती म्हणून माहीत असते. आकडा खाली उतरवा, गुणा, मिळवा. उत्तर येतं, पण ते का येतं हे माहीत नसतं. त्यामुळे एखादं पद गाळलेलं असेल किंवा भाजक जरा वेगळा असेल, की उत्तर चुकतं. चुकलेलं उत्तरही नीटनेटकं दिसत असल्याने चूक लक्षातच येत नाही.

ही पद्धत कशी चालते, ती बरोबर उत्तर का देते, कुठे फसवते आणि शाळेबाहेर ती कुठे कामाला येते, ते पाहूया.

(पाठ्यपुस्तकात चलासाठी ‘एक्स’ हे अक्षर असतं. या लेखात त्याजागी ‘क्ष’ वापरला आहे.)

आधी थोडी उजळणी: बहुपदी म्हणजे काय?

२क्ष³ − ५क्ष² + ४क्ष + ७ ही एक बहुपदी आहे. तिच्यात चार पदं आहेत. क्षच्या घातांसोबत असलेले २, −५ आणि ४ हे सहगुणक. शेवटचा ७ हे स्थिर पद. क्षचा सर्वांत मोठा घातांक ३ आहे, म्हणून या बहुपदीची कोटी ३.

बहुपदीत क्षचे घातांक ०, १, २, ३ असे पूर्ण संख्याच असतात. क्षचं वर्गमूळ किंवा ‘१ भागिले क्ष’ असं पद आलं, तर ती बहुपदी राहत नाही.

बहुपदी लिहिण्याची आणखी एक रीत आहे. फक्त सहगुणक क्रमाने लिहायचे: (२, −५, ४, ७). याला बहुपदीचं सहगुणक रूप म्हणतात. यात क्ष कुठेच दिसत नाही, पण माहिती काहीही हरवलेली नाही. शेवटचा आकडा स्थिर पद, त्याच्या आधीचा क्षचा सहगुणक, त्याच्या आधीचा क्ष²चा. घात कोणता, हे जागेवरून कळतं.

हे आपल्याला नवीन नाही. आपण ४८२ लिहितो तेव्हा ‘चार शतक, आठ दशक, दोन एकक’ असं कुठे लिहितो? चारचा आकडा तिसऱ्या जागी आहे, म्हणजे तो शतकाचा. सहगुणक रूपात तेच होतं. फरक इतकाच की दहाच्या जागी क्ष आहे.

संश्लेषक पद्धतीची निम्मी गोष्ट इथेच संपते. जागेवरून घात कळत असेल, तर क्ष पुन्हा पुन्हा लिहायची गरज काय?

लांब पद्धतीने भागाकार कसा होतो?

समजा, २क्ष³ − ५क्ष² + ४क्ष + ७ ला (क्ष − ३) ने भागायचं आहे.

- २क्ष³ ला क्षने भागलं की २क्ष² येतो. २क्ष² ने भाजकाला गुणलं की २क्ष³ − ६क्ष². हे वरून वजा केलं की उरतो क्ष².
- क्ष² ला क्षने भागलं की क्ष येतो. गुणाकार क्ष² − ३क्ष. वजा केलं की उरतात ७क्ष.
- ७क्ष ला क्षने भागलं की ७. गुणाकार ७क्ष − २१. वजा केलं की उरतात २८.

म्हणजे भागाकार २क्ष² + क्ष + ७ आणि बाकी २८.

या तीन पायऱ्यांत प्रत्येक वेळी पहिलं पद कापलं जातं, कारण ते कापलं जावं अशाच पद्धतीने आपण भागाकाराचं पद निवडतो. ते लिहायचं, पुन्हा लिहायचं आणि कापायचं, हे काम रिकामं आहे. शिवाय प्रत्येक वेळी ऋण पद वजा करावं लागतं आणि ‘वजा वजा अधिक’ करताना गडबड होते. लांब भागाकारात चिन्हाच्या चुका होण्याचं हे मोठं कारण आहे.

संश्लेषक पद्धत, पायरी-पायरीने

तोच भागाकार आता संश्लेषक पद्धतीने करू.

१. भाज्य बहुपदी घातांकांच्या उतरत्या क्रमाने लावा आणि फक्त सहगुणक एका ओळीत लिहा: २, −५, ४, ७.

२. भाजक (क्ष − ३) आहे. तो शून्य होण्यासाठी क्षची किंमत ३ हवी. हा ३ डावीकडे, उभ्या रेघेच्या बाहेर लिहा.

३. पहिला सहगुणक २ जसाच्या तसा खालच्या ओळीत उतरवा.

४. खाली आलेल्या २ ला ३ ने गुणा. आलेले ६ पुढच्या सहगुणकाखाली, म्हणजे −५ खाली लिहा. बेरीज करा: −५ + ६ = १.

५. १ ला ३ ने गुणा. आलेले ३ पुढच्या ४ खाली लिहा. बेरीज ७.

६. ७ ला ३ ने गुणा. आलेले २१ शेवटच्या ७ खाली लिहा. बेरीज २८.

मांडणी अशी दिसेल:

वरची ओळ: २ | −५ | ४ | ७
मधली ओळ: रिकामी | ६ | ३ | २१
खालची ओळ: २ | १ | ७ | २८

खालच्या ओळीतला शेवटचा आकडा, म्हणजे २८, ही बाकी. त्याआधीचे २, १, ७ हे भागाकाराचे सहगुणक. भाज्याची कोटी ३ होती आणि आपण १ कोटीच्या बहुपदीने भागलं, म्हणून भागाकाराची कोटी २. उत्तर: २क्ष² + क्ष + ७, बाकी २८. लांब पद्धतीने आलं तेच.

पण हे चालतं का?

वजाबाकीच्या जागी बेरीज कुठून आली आणि −३ चा ३ कसा झाला, हे प्रश्न इथे पडायला हवेत.

उत्तर शोधण्यासाठी उलट दिशेने जाऊ. भागाकार बरोबर असेल, तर हे खरं असायला हवं:

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी

म्हणजे (क्ष − ३) × (२क्ष² + क्ष + ७) + २८ हा गुणाकार केल्यावर मूळ बहुपदी परत मिळायला हवी. या गुणाकारात क्ष²चा सहगुणक कसा तयार होतो ते पाहा. तो दोन ठिकाणांहून येतो. क्ष गुणिले क्ष म्हणजे १क्ष² आणि −३ गुणिले २क्ष² म्हणजे −६क्ष². एकूण १ − ६ = −५. मूळ बहुपदीत क्ष²चा सहगुणक −५ च आहे.

भागाकार करताना आपल्याला −५ माहीत असतात आणि १ शोधायचा असतो. १ − ६ = −५ असेल, तर १ = −५ + ६. हीच ती चौथी पायरी!

पुढच्या पदांचंही तसंच. क्षचा सहगुणक ७ − ३ = ४ असा तयार होतो, म्हणून ७ = ४ + ३. स्थिर पद २८ − २१ = ७ असं तयार होतं, म्हणून २८ = ७ + २१.

म्हणजे गुणाकारात जे −३ मुळे वजा झालेलं असतं, ते आपण +३ ने गुणून परत मिळवतो. चिन्ह एकदाच, सुरुवातीला बदलायचं. त्यानंतर सगळीकडे फक्त बेरीज. संश्लेषक पद्धत ही वेगळी जादू नाही. तो लांब भागाकारच आहे, फक्त रिकामं काम वगळलेला.

हमखास चुका कुठे होतात?

*चूक पहिली: गाळलेल्या पदासाठी शून्य न लिहिणं*

३क्ष⁴ − २०क्ष² + ५ ला (क्ष + २) ने भागायचं आहे. दिसणारे सहगुणक तीनच: ३, −२०, ५. पण क्ष³ आणि क्ष ही पदं इथे नाहीत, म्हणजे त्यांचे सहगुणक शून्य आहेत. म्हणून ओळ अशी हवी: ३, ०, −२०, ०, ५.

भाजक (क्ष + २) शून्य होण्यासाठी क्ष = −२. आता करू:

वरची ओळ: ३ | ० | −२० | ० | ५
मधली ओळ: रिकामी | −६ | १२ | १६ | −३२
खालची ओळ: ३ | −६ | −८ | १६ | −२७

भागाकार ३क्ष³ − ६क्ष² − ८क्ष + १६, बाकी −२७.

शून्य न लिहिता फक्त ३, −२०, ५ घेतले असते, तरी कृती बिनबोभाट पूर्ण झाली असती. पण तो भागाकार ३क्ष² − २०क्ष + ५ या भलत्याच बहुपदीचा झाला असता. २०५ मधला शून्य गाळला तर २५ होतात, तसंच हे. शून्य तिथे जागा धरून बसलेला असतो.

*चूक दुसरी: डावीकडच्या आकड्याचं चिन्ह*

(क्ष − ३) साठी ३ आणि (क्ष + २) साठी −२. ‘चिन्ह उलटं करा’ असं पाठ केलं की घाईत ते विसरतं. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: क्षची कोणती किंमत घेतली की भाजक शून्य होईल? जे उत्तर येईल तोच आकडा डावीकडे.

*चूक तिसरी: भाजकात क्षचा सहगुणक १ नसणं*

६क्ष³ − ७क्ष² + ८क्ष + १ ला (२क्ष − १) ने भागायचं असेल तर? भाजक शून्य होण्यासाठी क्ष = १/२. तो डावीकडे घेऊन कृती केली, की खालची ओळ येते ६, −४, ६ आणि ४.

इथे घाईने ‘भागाकार ६क्ष² − ४क्ष + ६’ असं लिहिलं की गुण गेले. आपण प्रत्यक्षात (क्ष − १/२) ने भागलंय, (२क्ष − १) ने नाही. (२क्ष − १) हा (क्ष − १/२) च्या दुप्पट आहे. भाजक दुप्पट, तर भागाकार निम्मा. म्हणून भागाकार ३क्ष² − २क्ष + ३. बाकी मात्र ४ च राहते, तिला २ ने भागायचं नाही.

बाकी का बदलत नाही? (क्ष − १/२) × (६क्ष² − ४क्ष + ६) + ४ यात फक्त गुणाकाराचा भाग आपण वेगळ्या पद्धतीने वाटून (२क्ष − १) × (३क्ष² − २क्ष + ३) असा लिहिला. शेवटच्या ४ ला कोणी हात लावला नाही.

खरी कमाई बाकीत आहे

पहिल्या उदाहरणात बाकी २८ आली होती. आता त्याच बहुपदीत क्षच्या जागी ३ ठेवून पाहा:

२ × २७ − ५ × ९ + ४ × ३ + ७ = ५४ − ४५ + १२ + ७ = २८

हा योगायोग नाही. बहुपदी = (क्ष − ३) × भागाकार + बाकी, हे क्षच्या कोणत्याही किमतीला खरं आहे. क्ष = ३ घेतलं की (क्ष − ३) शून्य होतो, त्याच्यासोबत गुणाकाराचा सगळा भाग शून्य होतो आणि उरते फक्त बाकी. यालाच शेष सिद्धांत म्हणतात.

त्यातूनच पुढचा अवयव सिद्धांत निघतो. बाकी शून्य आली, तर भाजक हा बहुपदीचा अवयव आहे.

घन बहुपदीचे अवयव पाडताना हे फार कामाला येतं. उदाहरणार्थ, क्ष³ − २क्ष² − ५क्ष + ६. सगळ्या सहगुणकांची बेरीज करा: १ − २ − ५ + ६ = ०. बेरीज करणं म्हणजेच क्ष = १ ठेवणं. म्हणून (क्ष − १) हा अवयव आहे. १ घेऊन संश्लेषक भागाकार केला, की खालची ओळ येते १, −१, −६, ०. भागाकार क्ष² − क्ष − ६, म्हणजे (क्ष − ३)(क्ष + २). तिन्ही अवयव मिळाले.

बेरीज शून्य नसेल, तर स्थिर पदाचे विभाजक घेऊन पाहायचे. पहिला सहगुणक १ आणि बाकीचे सगळे पूर्णांक असतील, तर बहुपदीला शून्य करणारी कोणतीही पूर्णांक किंमत ही स्थिर पदाची विभाजक असतेच. इथे स्थिर पद ६ आहे, म्हणजे १, २, ३, ६ आणि त्यांची ऋण रूपं तपासली की पुरे.

नऊच्या कसोटीमागेही हेच गणित

एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज ९ ने विभाज्य असेल, तर ती संख्याही ९ ने विभाज्य असते, हे प्राथमिक शाळेतच शिकवलं जातं. पण का?

४८२ ही संख्या ४क्ष² + ८क्ष + २ मध्ये क्ष = १० ठेवल्यावर मिळते. या बहुपदीला (क्ष − १) ने भागा. खालची ओळ येते ४, १२, १४. बाकी १४, म्हणजेच ४ + ८ + २. क्ष = १० असताना (क्ष − १) म्हणजे ९ आणि भागाकार ४क्ष + १२ म्हणजे ५२. म्हणून ४८२ = ९ × ५२ + १४. आता फक्त १४ ला ९ ने भाग जातो का, एवढंच पाहायचं. जात नाही, म्हणून ४८२ लाही जात नाही.

(क्ष + १) ने भागलं, की ११ ची कसोटी मिळते. बाकी येते ४ − ८ + २ = −२. ४८२ हे ४८४ पेक्षा २ ने कमी आहेत आणि ४८४ म्हणजे ११ × ४४. पाठ केलेल्या दोन वेगवेगळ्या कसोट्या मुळात एकाच सिद्धांताच्या आहेत.

ही पद्धत कोणी शोधली?

उत्तर देशानुसार बदलतं. इटली आणि स्पेनमध्ये हा ‘रुफिनीचा नियम’ आहे, जर्मनीत ‘हॉर्नरची मांडणी’.

पाओलो रुफिनी (१७६५–१८२२) इटलीतल्या मोडेना शहरातले गणितज्ञ आणि डॉक्टरही होते. १८०४ मध्ये त्यांनी समीकरणांची उत्तरं जवळजवळ शोधण्याच्या पद्धतीवर लेखन प्रसिद्ध केलं, त्यात ही रीत आहे. १८१७-१८ च्या टायफसच्या साथीत रुग्णांवर उपचार करताना त्यांना स्वतःलाही तो आजार झाला होता.

विल्यम जॉर्ज हॉर्नर (१७८६–१८३७) इंग्लंडमधल्या बाथ शहरात शाळा चालवत. त्यांचा याच विषयावरचा निबंध १८१९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

पण दोघांच्याही कितीतरी आधी चीनमध्ये ही कल्पना वापरात होती. अकराव्या शतकातल्या जिया श्येन यांची मुळं काढण्याची पद्धत याच धर्तीची आहे. चिन ज्यूशाओ यांनी १२४७ मध्ये लिहिलेल्या गणिताच्या ग्रंथात मोठ्या कोटीची समीकरणं याच रीतीने सोडवलेली आहेत. त्यांची साधनं म्हणजे मोजणीच्या काड्या. पाटावर काड्यांनी फक्त सहगुणक मांडायचे, कोणता आकडा कोणत्या ओळीत आहे त्यावरून घात ओळखायचा. घात लिहायचा नाही, जागेवर सोडायचा, ही कल्पना तिथेही तीच.

कम्प्युटरला ही पद्धत का आवडते?

संश्लेषक भागाकाराची बाकी म्हणजे बहुपदीची किंमत, हे आपण पाहिलं. म्हणजे किंमत काढण्यासाठी घात वेगळे काढायची गरजच नाही. पहिलीच बहुपदी अशी लिहिता येते:

((२ × क्ष − ५) × क्ष + ४) × क्ष + ७

आतल्या कंसापासून सुरुवात करून गुणा, मिळवा, गुणा, मिळवा. क्ष = ३ घेतलं तर १, ७, २८ असे आकडे येतात. खालच्या ओळीतले तेच आकडे.

दहा कोटीच्या बहुपदीत प्रत्येक घात वेगळा काढायचा ठरवलं, तर ५५ गुणाकार लागतात. आधीचा घात जपून ठेवून पुढे गेलं, तर १९. या पद्धतीने फक्त १० गुणाकार आणि १० बेरजा. अलेक्झांडर ऑस्ट्रोव्स्की यांनी १९५४ मध्ये प्रश्न मांडला, की याहून कमी आकडेमोडीत काम होऊ शकतं का? बहुपदी कोणतीही असू शकते आणि सहगुणकांवर आधीच काही प्रक्रिया करून ठेवलेली नाही असं धरलं, तर यापेक्षा कमी गुणाकारांत काम होत नाही, हे व्हिक्टर पॅन यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं. कोनाचं साइन किंवा लॉगॅरिदम काढणारे प्रोग्रॅम अनेकदा आतून एखाद्या बहुपदीची किंमत काढत असतात आणि त्यासाठी ही रीत वापरतात.

आणि तुमच्या फोनमधल्या क्यूआर कोडचं काय?

दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड थोडा फाटलेला किंवा मळलेला असतो, तरी तो स्कॅन होतो. त्यामागे बहुपदीच्या भागाकाराची बाकी आहे.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये आणला. त्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी रीड-सोलोमन ही पद्धत वापरतात. ती आयर्विंग रीड आणि गुस्ताव सोलोमन यांनी १९६० मध्ये मांडली होती.

कल्पना अशी: कोडमधली माहिती म्हणजे आकड्यांची एक ओळ. ही ओळ एका बहुपदीचे सहगुणक मानायची. तिला ठरलेल्या एका बहुपदीने भागायचं आणि येणारी बाकी माहितीच्या पुढे जोडायची, अशी की सगळी मिळून बनलेल्या बहुपदीला त्या भाजकाने निःशेष भाग जाईल.

फोन स्कॅन करतो तेव्हा वाचलेल्या बहुपदीत ठरलेल्या किमती एकेक करून ठेवून पाहतो, म्हणजेच संश्लेषक भागाकाराने बाकी काढतो. सगळ्या बाक्या शून्य आल्या, तर कोडमध्ये चूक आढळलेली नाही. एखादी जरी शून्य आली नाही, तर कुठेतरी बिघाड आहे. बिघाड कुठे आणि किती, हेही त्या बाक्यांवरूनच शोधलं जातं. क्यूआर कोडच्या सर्वांत वरच्या दुरुस्ती-पातळीत साधारण ३० टक्के, तर सर्वांत खालच्या पातळीत साधारण ७ टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळवता येते.

इथली बेरीज आणि गुणाकार मात्र आपल्या नेहमीच्या पद्धतीचे नसतात. ० ते २५५ इतक्याच आकड्यांत राहणारं ते वेगळं अंकगणित असतं. पण ‘गुणा, मिळवा, पुढे जा’ ही कृती तीच.

ही पद्धत कधी वापरू नये?

शाळेत शिकवलेल्या रूपात ही पद्धत फक्त १ कोटीच्या भाजकासाठी आहे, म्हणजे (क्ष − ५), (क्ष + २), (२क्ष − १) अशा. भाजक क्ष² + १ सारखा असेल, तर लांब पद्धतीने किंवा पाठ्यपुस्तकातल्या रेषीय पद्धतीने भागाकार करावा. मोठ्या कोटीच्या भाजकांसाठी संश्लेषक पद्धतीचं वाढवलेलं रूप आहे, पण त्याची मांडणी वेगळी असते.

प्रश्नात पद्धत सांगितली असेल, तर तीच वापरावी. आणि उत्तर आल्यावर एक तपासणी करावी: डावीकडचा आकडा मूळ बहुपदीत ठेवून किंमत काढा. ती बाकीइतकी आली नाही, तर आकडेमोडीत चूक आहे. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही. मात्र ही तपासणी फक्त बाकीची आहे. भाजक (२क्ष − १) सारखा असेल, तर भागाकाराला २ ने भागलंय ना, हे वेगळं पाहावं लागतं.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखं

- पदं उतरत्या क्रमाने लावा आणि गाळलेल्या पदासाठी शून्य लिहा.
- डावीकडे तोच आकडा घ्या, ज्याने भाजक शून्य होतो.
- पहिला सहगुणक खाली उतरवा. मग गुणा, मिळवा, पुढे जा.
- खालच्या ओळीतला शेवटचा आकडा ही बाकी. आधीचे आकडे भागाकाराचे सहगुणक, कोटी एकने कमी.
- भाजकात क्षचा सहगुणक १ नसेल, तर भागाकाराला त्या सहगुणकाने भागा, बाकीला नाही.
- बाकी म्हणजे त्या किमतीला बहुपदीची किंमत. बाकी शून्य, तर भाजक अवयव.